डीव्हीडीतलं लग्न किती जीबीत मावतं?

कर्जत म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे रायगडातलं कर्जत येतं. हा लेख दुसऱ्या कर्जतबद्दल आहे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या. भीमा आणि सीना या दोन नद्या जवळ असूनही कायम पावसाची वाट बघणारा हा तालुका. रेहेकुरीची काळविटं, राशीनची जगदंबा, भीमेकाठचा सिद्धटेकचा सिद्धिविनायक आणि खुद्द कर्जत गावातले संत गोदड महाराज ही त्याची ओळख. इथल्या घरांत टीव्हीखालचा कप्पा उघडला, तर साधारण २००० ते २०१५ या काळातल्या सीड्यांचा ढीग निघतो. काही पाकिटं फाटलेली, काहींवर मार्करनं नुसतं ‘लग्न भाग २’ लिहिलेलं. भाग १ कुठं आहे ते कोणालाच माहीत नसतं. सीडी प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला असतो आणि नव्या लॅपटॉपला तबकडीचा ट्रेच नसतो. त्यामुळं प्रश्न सगळीकडे एकच: हे सारं हार्ड डिस्कवर कसं घ्यायचं, आणि घेताना फाइली एवढ्या अवाढव्य का होतात?

ढिगात तीन प्रकार असतात आणि तिघांना एकच उत्तर लागू पडत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पहिला प्रकार विकत घेतलेल्या सिनेमा-नाटकांचा. २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली आणि लायब्ररीतून भाड्यानं आणलेल्या सीडीपेक्षा विकतची परवडू लागली. २०१८मध्ये ती कंपनीच अवसायनात निघाली, पण तिच्या तबकड्या अजून घराघरांत आहेत. दुसरा प्रकार यात्रेतल्या पालावरून आणलेल्या सीड्यांचा: कीर्तनं, भारुडं, देवीची गाणी, गावरान विनोदी नाट्यं. याच जिल्ह्यातले कीर्तनकार इंदुरीकर महाराज यूट्यूबवर पोचण्याआधी घरोघरी पोचले ते सीडीवरून. तिसरा प्रकार म्हणजे ‘शूटिंग’. लग्न, बारसं, वास्तुशांत, आजोबांचा सत्कार, शाळेचं स्नेहसंमेलन, आषाढ वद्य एकादशीला निघणारा गोदड महाराजांचा रथ. यांतल्या पुष्कळशा तबकड्यांच्या जगात एक किंवा दोनच प्रती असतात. ज्यानं शूटिंग केलं त्या स्टुडिओनं मूळ टेपवर पुढच्या हंगामात दुसऱ्याचं लग्न घेतलेलं असतं.

पहिल्या प्रकारातल्या फाइली हव्या तेवढ्या लहान करा. तिसऱ्यातली तबकडी मात्र आधी आहे तशी, एक बिटही न बदलता उतरवून घ्यायची आणि लहान करायचीच असेल तर त्या प्रतीवरून दुसरी करायची. माझं या विषयावरचं मत एवढंच आहे. बाकीचा लेख ते का आणि कसं हे सांगण्यासाठी.

एकथरी डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, दुथरी डीव्हीडीत ८.५. एक टीबीची हार्ड डिस्क घेतली तर एकथरी डीव्हीडी दोनशेहून जास्त मावतात, तेही प्रत्येक तबकडी काठोकाठ भरलेली आहे असं धरून. (संगणक ४.७ला ४.३७ दाखवतो आणि एक टीबीला ९३१ जीबी. दुकानदारानं फसवलेलं नसतं, मोजण्याच्या दोन पद्धती आहेत.) शूटिंगच्या दोनशे तबकड्या कोणाच्या घरात असतात? एखाद्या मोठ्या खटल्यातही तीस-चाळीसच्या वर जात नाहीत. आकाराची ही धास्ती जुन्या दिवसांची आहे. तेव्हा घरच्या संगणकाची डिस्क चाळीस नाही तर ऐंशी जीबीची असायची आणि अख्खा सिनेमा सातशे एमबीच्या एका सीडीत कोंबायची हौस होती. डिस्क वाढल्या, पण ‘सातशे एमबी’ हे माप अनेकांच्या डोक्यातून गेलेलं नाही. त्या मापात आज आईवडिलांचं लग्न बसवू जाल तर हळदीचा पिवळा रंग आणि मांडवाचं कापड एक होऊन जाईल.

तरीही फाइली फुगतात, हे खरं आहे. चार जीबीची डीव्हीडी ‘कन्व्हर्ट’ केल्यावर सहा जीबीची झाली, अशी तक्रार ऐकू येते. याचं सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे ‘एचडी करून घेतलं’. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीतलं चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचं असतं, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आतच. फुल एचडीचं चित्र १९२० बाय १०८० बिंदूंचं. भागाकार केला तर बरोबर पाचपट. तबकडीत एकच बिंदू होता, उरलेले चार संगणकानं अंदाजानं भरले. ते भरण्याचं काम टीव्ही दाखवताना स्वतःच फुकटात करतो; त्यासाठी डिस्कवर जागा अडवायची गरज नाही. ५७६ला ५७६च राहू द्यावं. कोणी ‘फोर-के करून देतो’ म्हणालं तर तिथून उठावं.

व्हीसीडीचा हिशेब याहून सोपा. तिचं चित्र ३५२ बाय २८८, डीव्हीडीच्या पावपट. तासाभराला सव्वासहाशे एमबीच्या आसपास. त्यातलं एमपेग-१ आधीच इतकं दाबलेलं असतं की पुन्हा दाबण्यात अर्थ नाही. एमपेगएव्ही नावाच्या फोल्डरातली डॅट फाइल तशीच उचलावी. व्हीएलसी प्लेअर ती थेट चालवतो.

इथं एक सावधगिरी, कारण सगळ्यांत जास्त नुकसान तंत्रामुळं होत नाही, नावांमुळं होतं. प्रत्येक व्हीसीडीतल्या फाइलीचं नाव एव्हीसेक ०१ असतं. प्रत्येक डीव्हीडीत व्हिडिओ टीएस हेच फोल्डर असतं आणि आत व्हीटीएस ०१, ०२ अशा नावांच्या, जास्तीत जास्त एक जीबीच्या व्हीओबी फाइली. म्हणजे थोरल्या मुलीचं लग्न, धाकटीचं लग्न आणि रथयात्रा या तिन्हींच्या फाइलींची नावं अक्षरशः एक. सगळ्या एकाच फोल्डरात ओतल्या की संगणक विचारतो, ही फाइल आधीच आहे, बदलू का? घाईत ‘होय’ दाबलं की एक लग्न गेलं. आधी ‘२००६-०५ लग्न थोरली भाग १’ असं फोल्डर करावं, मग त्यात कॉपी. तारीख आधी लिहिली की यादी आपोआप काळाप्रमाणे लागते. पूर्ण तबकडीची एकच आयएसओ फाइल करून ठेवली तर त्याहून उत्तम. मेनू, भाग, सगळं जसंच्या तसं राहतं.

आता लहान करण्याविषयी. त्यासाठी हँडब्रेक हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. २००३पासून तो चालू आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर मिळतो. त्यात आकार ठरवण्याच्या दोन रीती आहेत. एकीत आपण सेकंदाला किती बिट खर्चायचे ते ठरवून देतो. दुसरीत दर्जा ठरवतो आणि बिट किती लागतील ते प्रोग्रॅमवर सोडतो. दुसरी रीत घ्यावी. तिथं आरएफ नावाचा आकडा असतो. तो वाढवला की फाइल लहान, दर्जा कमी. डीव्हीडीच्या मापाच्या चित्राला हँडब्रेकवाले स्वतः १८ ते २२ सुचवतात. २०वर ठेवलं तर दोन तासांचा साधा सिनेमा दीड जीबीच्या आतबाहेर बसतो आणि फरक डोळ्यांना दिसत नाही.

शूटिंगला मात्र हे गणित लागू पडत नाही. चित्र दाबणारी पद्धत मुख्यतः एका गोष्टीवर चालते: मागच्या चित्रात आणि या चित्रात काय बदललं तेवढंच नोंदवायचं. मागे पडदा आणि पुढे उभे कीर्तनकार असतील तर बदलतात फक्त हात आणि ओठ, फाइल आटोपशीर होते. पण मंगलाष्टक संपलं, ‘सावधान’ झालं आणि चारी बाजूंनी अक्षता उडाल्या की प्रत्येक दाणा स्वतंत्रपणे हलतो. यात्रेतला गुलाल त्याहून वाईट. त्याला कडा नाही, आकार नाही, सगळ्या चित्रभर तो तरंगतो आणि मागे निशाणं हलत असतात. भरीस भर म्हणजे कमी उजेडातल्या वरातीच्या शूटिंगमध्ये कॅमेऱ्याचे स्वतःचे दाणे. प्रोग्रॅमला दाणे आणि अक्षता यांत फरक कळत नाही. तो दोन्ही इमानानं नोंदवतो. त्यामुळं आरएफ २० ठेवूनही वरातीची फाइल मूळ डीव्हीडीपेक्षा मोठी होऊ शकते. अशा वेळी आकडा २२ करावा, दाणे कमी करणारा फिल्टर अगदी हलका लावावा, किंवा सरळ प्रयत्न सोडून द्यावा. मी तिसरा पर्याय निवडतो. मुळात तीन-तीन तास एका तबकडीत कोंबताना स्टुडिओनं सेकंदाला साडेतीन मेगाबिटवर आणून त्या लग्नाचा रस आधीच काढलेला असतो. चोथा पुन्हा चरकात घालून काय मिळणार?

दुसरी अडचण दातेरी रेषांची. त्या काळचे कॅमेरे सेकंदाला पंचवीस पूर्ण चित्रं न घेता पन्नास अर्धी चित्रं घेत, एकदा सम ओळी, एकदा विषम. जुन्या टीव्हीवर ते सुरेख दिसे. संगणकावर नाचणाऱ्याच्या कोपराला कंगव्यासारखे दाते दिसतात. हँडब्रेकमधला डीकॉम्ब फिल्टर ते काढतो, आणि ते काढले तर फाइलही लहान होते, कारण दाते नोंदवायलाही बिट लागतात. लेझीम किंवा वरातीतला नाच असेल तर पन्नास अर्ध्या चित्रांची पन्नास पूर्ण चित्रं करून घेतली तर हालचाल मूळच्यासारखी सलग राहते, जागा थोडी जास्त जाते. लग्नाच्या डीव्हीडीत सम-विषमचा क्रम उलटा नोंदलेलाही सापडतो. हालचाल पुढे-मागे लचकत दिसली तर दोष तिथं शोधावा. हे दाते एकदा चुकीच्या पद्धतीनं चित्रात मुरले की पुन्हा निघत नाहीत. मूळ प्रत जपा, असा धोशा लावतोय तो यासाठीही.

आवाजाकडे कोणी बघत नाही, आणि तिथंच सहज वाचणारी जागा असते. अनेक स्टुडिओंनी डीव्हीडी बनवताना आवाज न दाबता तसाच ठेवला. तो तासाला सातशे एमबीच्या जवळ जातो! तोच आवाज एएसी या दाबलेल्या प्रकारात १६० किलोबिटवर घेतला तर तासाला बहात्तर एमबी. चित्राला हात न लावता तीन तासांच्या लग्नात पावणेदोन जीबीहून जास्त वाचले. कीर्तनाच्या सीडीत मात्र आवाज याहून खाली उतरवू नये. टाळ हा कॉम्प्रेशनचा जन्मजात वैरी आहे. बिट कमी पडले की टाळांचा नाद पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा होतो.

चित्र दाबण्यासाठी एच.२६४ की एच.२६५, हा वाद लांबवण्यात अर्थ नाही. पहिलं मानक २००३चं, दुसरं २०१३चं. दुसऱ्यात जागा कमी लागते, पण या लहान चित्रमापात फरक इतका नसतो की मामाच्या घरचा जुना टीव्ही ‘फाइल चालत नाही’ म्हणेल तो धोका पत्करावा. एच.२६४ आणि एमपी४. बदल न करता नुसतं एका फाइलीत बांधून हवं असेल तर मेकएमकेव्ही हा प्रोग्रॅम. अमेरिकेतल्या चुलत्यांना आपली पाल डीव्हीडी तिथल्या प्लेअरवर चालत नसे, फाइल चालते. तेव्हा सेकंदाला पंचवीस चित्रं आहेत ती तीस करण्याच्या फंदात पडू नये.

पण हे सगळं तबकडी वाचली तर. कारखान्यात ठशानं छापलेली सिनेमाची डीव्हीडी आणि स्टुडिओत बर्न केलेली डीव्हीडी दिसायला सारख्या, आतून अगदी वेगळ्या. दुसरीत माहिती रंगद्रव्याच्या थरात लिहिलेली असते आणि ऊन, उष्णता, दमटपणा यांनी ते द्रव्य विटतं. कर्जतच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो; पत्र्याच्या खोलीत, कपाटाच्या वरच्या फळीवर काय होत असेल याचा अंदाज करा. म्हणजे जी तबकडी एकमेव आहे तीच जास्त नाजूक आहे. व्हीसीडीत माहितीचा थर लेबलाच्या अगदी खाली असतो. त्या बाजूनं बॉलपेननं गिरवलेलं नाव म्हणजे थेट माहितीवर ओरखडा. वधूवरांचा फोटो छापलेला गोल स्टिकर सुटू लागला असेल तर तो ओढून काढू नये, चमकता थरही सोबत येतो. टूथपेस्ट लावण्याचा उपाय सगळे सांगतात. मी सांगणार नाही. ओल्या मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसावं, गोल गोल नाही. एका ड्राइव्हनं नाकारलेली तबकडी दुसरा ड्राइव्ह कधीकधी वाचतो, म्हणून गावात ज्याच्याकडे जुना डेस्कटॉप असेल त्याच्याशी गोड बोलून ठेवावं. तरीही अडली तर डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो खराब जागा सोडून पुढे जातो, चांगलं तेवढं आधी वाचतो आणि मग सोडलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा येतो. विंडोजची साधी कॉपी पहिल्याच अडथळ्याला हात टेकते.

ठेवायचं कुठं? घरगुती सर्व्हर किंवा नेटवर्कला जोडलेली डिस्क (नॅस), त्यावर जेलीफिन किंवा प्लेक्ससारखा प्रोग्रॅम ही पुण्यातल्या फ्लॅटमधली चैन आहे. छान दिसते, पोस्टरांसकट. पण दिवसातून कितीदा वीज जाईल याचा भरवसा नसेल तिथं चोवीस तास फिरणाऱ्या डिस्कला आधी यूपीएस लागतो. माझ्या मते साध्या दोन पोर्टेबल हार्ड डिस्क पुरे: एक कर्जतला, दुसरी पुण्यात किंवा नगरला राहणाऱ्या भावाकडे. दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या तर ती एकच प्रत समजावी. पेनड्राइव्ह हा बघण्यासाठी, जपण्यासाठी नाही. आणि टीव्हीला लावायच्या पेनड्राइव्हवर कॉपी करताना ‘फाइल फार मोठी आहे’ असं आलं, तर बऱ्याचदा फाइल मोठी नसते. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत चार जीबीच्या वरची फाइल बसतच नाही. एक्सफॅट केलं की प्रश्न मिटतो, टीव्हीला ती चालत असेल तर. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ टाकून निश्चिंत होणारेही आहेत. यूट्यूब चित्र पुन्हा दाबतं, आणि आपल्या लग्नाच्या शूटिंगमध्ये पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत हिंदी सिनेमाची गाणी भरलेली असतात, त्यावर हक्काचा दावा हमखास येतो.

हक्काचा विषय निघालाच आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ सांगतं की पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रीकरणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ज्यानं ते करवून घेतलं तो. म्हणजे लग्नाचं शूटिंग कुटुंबाचं. त्यावर चढवलेली गाणी मात्र कुटुंबाची नाहीत. सिनेमाच्या डीव्हीडीवर सीएसएस नावाचं कुलूप असू शकतं. ते उघडणाऱ्या १९९९मधल्या डीसीएसएस प्रोग्रॅमबद्दल नॉर्वेतल्या योन लेक योहानसेन या तरुणावर खटला झाला आणि २००३मध्ये तो निर्दोष सुटला. ब्रिटननं २०१४मध्ये स्वतःसाठी प्रत करायला परवानगी दिली, ती पुढच्याच वर्षी न्यायालयात टिकली नाही. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५अ कुलूप तोडणं गुन्हा ठरवतं ते हक्कभंगाच्या हेतूनं तोडलं तर. आणि कलम ५२ खासगी वापरासाठीच्या वाजवी वापराला मोकळीक देतं. विकत घेतलेली डीव्हीडी स्वतःच्या घरात बघण्यासाठी उतरवणं या चौकटीत बसतं असं मला वाटतं. तीच फाइल मोबाइलच्या दुकानात देऊन गावभर मेमरी कार्ड भरणं बसत नाही, ते कितीही वर्षं राजरोस चालत आलेलं असलं तरी.

घाई करायला कारण आहे. नेटफ्लिक्सनं २०२३मध्ये टपालानं डीव्हीडी पाठवणं बंद केलं, सोनीनं २०२५मध्ये कोऱ्या ब्लू-रे तबकड्या बनवणं थांबवलं. वाचणारी यंत्रं आज यूएसबीवर मिळताहेत, ती कायम मिळतील असं नाही. म्हणून सिनेमे राहू द्या, ते कुठं ना कुठं सापडतात. शूटिंगच्या तबकड्या आधी घ्या, त्यातही बर्न केलेल्या, स्टिकर लावलेल्या, सर्वांत जुन्या. आणि कर्जत, मिरजगाव, राशीनमधल्या जुन्या स्टुडिओवाल्यांना एक विनंती: रथाच्या, यात्रेच्या, शाळा-कॉलेजच्या संमेलनांच्या मास्टर प्रती तुमच्या माळ्यावर पडून असतील तर टाकून देण्याआधी ग्रामदैवताच्या देवस्थानाला, शाळेला, नाही तर गावच्या वाचनालयाला विचारा. येत्या उन्हाळ्याच्या आत.